जवळून आइन्स्टाइन, लांबून मॅरिलिन

एमआयटीच्या ऑड ओलिव्हा यांचं २००७ सालचं ते चित्र पाहिलंय का? जवळून आइन्स्टाइन दिसतो, थोडं मागे सरकलं की मॅरिलिन मन्रो! खरं तर दोघंही चित्रात कायम असतात. तो बारीक रेषांमध्ये, ती धूसर छायाप्रकाशात.

केंब्रिजच्या कॅम्पबेल आणि रॉबसन यांनी १९६८ मध्येच सुचवलं होतं, की आपली दृष्टी बारीक आणि जाड नक्षी वेगवेगळ्या वाटांनी टिपते. हात लांब करून करंगळीचं नख बघा. ती रुंदी साधारण एक अंश. तेवढ्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तीन-चार जोड्या बसत असतील, तर अगदी फिकट फरकही आपल्याला कळतो. पट्टे याहून बारीक झाले तर फरक गडद लागतो, आणि खूप जाड झाले तरीही! (हे दुसरं मला अजून पचत नाही.) साठेक जोड्यांपलीकडे मात्र सगळं सपाट राखाडी.

मागे सरकलं की आइन्स्टाइनच्या रेषा डोळ्याला आणखी बारीक होतात आणि पुसट होत जातात. उरते मॅरिलिन. मागे जायला जागा नसेल तर मोबाइलवर चित्र अगदी छोटं करा, किंवा जाड चष्मा असेल तर सरळ काढून ठेवा.