ख्रिस्ती मंडळीची शिस्त

ख्रिस्ती मंडळीची शिस्त म्हणजे सभासदांनी श्रद्धा व आचरण या दोहोंत एकनिष्ठ राहावे यासाठी मंडळीने चालविलेली शिकवण, देखरेख, समज आणि पुनःस्थापना यांची व्यवस्था होय. व्यवहारात हा शब्द बहुधा चुकलेल्या सभासदावरील कारवाईपुरताच वापरला जातो; वस्तुतः कारवाई हा तिचा शेवटचा व क्वचित अवलंबिला जाणारा भाग आहे. महाराष्ट्रात मिशनकाळातील दुष्काळ, जातिभेद आणि समाजाची अल्पसंख्य स्थिती यांमुळे या व्यवस्थेपुढे वेगळे प्रश्न उभे राहिले.

== शास्त्राधार ==

या व्यवस्थेचा मुख्य आधार मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात आहे. तेथे तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रथम दोषी बंधूची एकांतात भेट, नंतर एकदोन साक्षीदारांसह भेट आणि तरीही न ऐकल्यास मंडळीपुढे विषय मांडणे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ५व्या अध्यायात अनैतिक वर्तन करणाऱ्यास दूर करण्याची आज्ञा आहे. तर दुसऱ्या पत्राच्या २ऱ्या अध्यायात शिक्षा झालेल्या मनुष्यास क्षमा करून सांत्वन द्यावे, असा उपदेश आहे. अपराध्यास सौम्यतेने ताळ्यावर आणावे, असे गलतीकरांस पत्र सांगते. म्हणून शिस्तीचा हेतू मनुष्याला घालवून देणे हा नसून परत मिळविणे हा मानला जातो.

== स्वरूप ==

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ही जबाबदारी सामान्यतः पाळक व वडीलजन यांच्याकडे असते. बाप्तिस्म्यापूर्वीचे शिक्षण, शब्बाथ शाळा, घरोघरच्या भेटी आणि प्रभुभोजनापूर्वीचे आत्मपरीक्षण हे तिचे नित्याचे मार्ग आहेत. मद्यपान, व्यभिचार, पैशांतील अप्रामाणिकपणा, परस्परांतील वैर अशा कारणांवरून प्रथम समज दिली जाते. पश्चात्ताप न झाल्यास प्रभुभोजनातील सहभाग काही काळ थांबविला जातो.

रोमन कॅथलिक परंपरेत हे कार्य मुख्यतः प्रायश्चित्त संस्कारातून, म्हणजे धर्मगुरूजवळ खासगीत केलेल्या पापनिवेदनातून होते. १९८३ च्या धर्मसंहितेत संस्कारांपासून दूर ठेवणारा बहिष्कार हा औषधोपचारासारखा, सुधारणेसाठी असलेला दंड म्हणून वर्गीकृत आहे.

== वऱ्हाडातील पार्श्वभूमी ==

अकोट, अकोला, खामगाव या भागातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या वाढीत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत १८८७ मध्ये ए. बी. सिम्प्सन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या चळवळीने ख्रिस्त हा तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि पुन्हा येणारा राजा आहे, अशी चतुर्विध शिकवण दिली. ‘पवित्र करणारा’ या दुसऱ्या अंगामुळे सभासदाच्या दैनंदिन वर्तनाला या परंपरेत विशेष महत्त्व आले. स्वतःच्या श्रद्धेची साक्ष देऊ शकणाऱ्यासच बाप्तिस्मा देण्याची पद्धत असल्यामुळे उमेदवाराची पारख करणेही अपरिहार्य ठरले.

१८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी अनाथ मुलामुलींना आश्रय दिला. त्यानंतर ‘पोटासाठी ख्रिस्ती झाले’ हा आक्षेप सर्वत्र ऐकू येऊ लागला. बाप्तिस्म्यापूर्वी दीर्घकाळ शिक्षण देणे आणि वर्तन पाहणे हे त्या आक्षेपाला एक उत्तर होते. मात्र त्यात एक अंगभूत अडचण होती. अन्न देणारा आणि श्रद्धेची परीक्षा घेणारा एकच असेल, तर परीक्षा देणाऱ्याचे उत्तर मोकळे राहत नाही. मिशनच्या नोकरीतील शिक्षक वा प्रचारक शिस्तीखाली आला, तर प्रभुभोजनाबरोबर उपजीविकाही धोक्यात येत असे.

== जातिभेदाची कसोटी ==

भारतातील मंडळ्यांच्या निष्ठेची कठीण कसोटी प्रभुभोजनाच्या मेजावर लागली. कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये मंडळ्यांतून जातिभेद पूर्णपणे सोडला जावा, असा आदेश काढला. १८३१ पासून अहमदनगर येथे कार्यरत असलेल्या अमेरिकन मराठी मिशननेही जातिबंधन सोडणे आवश्यक मानले. एकाच भाकरीत व प्याल्यात सर्वांनी सहभागी व्हावे, असा त्याचा अर्थ होता. तरी विवाहसंबंधांत जातीची जाणीव अनेक ठिकाणी टिकून राहिली. मद्यपानावर कारवाई करणारी मंडळी जातीच्या अहंकाराकडे दुर्लक्ष करते, ही टीका त्यामुळेच होत आली.

== आंतरिक नूतनीकरणाचे प्रयत्न ==

नियमांपेक्षा अंतःकरणाच्या परिवर्तनावर भर देणारा प्रवाहही महाराष्ट्रात दिसतो. १९०५ मध्ये पंडिता रमाबाई यांच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये झालेल्या संजीवनात मुली व स्त्रियांनी स्वेच्छेने पापांची कबुली दिली. कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनच्या पगारी सेवेतून मुक्त होऊन ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात सामील होऊ शकत. मंडळीची सीमा नेमकी कोठे आखावी, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला.

== कायदेशीर मर्यादा ==

मंडळीचा निर्णय धार्मिक स्वरूपाचा असतो. त्याला दिवाणी न्यायालयाच्या निर्णयाचे बळ नसते. धर्मपीठाने दिलेला विवाहविच्छेद दिवाणी कायद्यास बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात स्पष्ट केले. मुंबई राज्याचा समाजबहिष्कृतीस प्रतिबंध करणारा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर घटनाबाह्य ठरविला होता. पुढे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा अधिनियम केला. तो २०१७ पासून अमलात असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. एखाद्या कुटुंबाशी व्यवहार तोडणे किंवा त्यास दफनभूमी नाकारणे हे मंडळीची शिस्त म्हणून समर्थनीय ठरत नाही.

== टीका व मूल्यमापन ==

लहान गावातील ख्रिस्ती कुटुंबांचे नातेवाईक, शेजारी आणि उपासनेतील सोबती बहुधा तेच असतात. त्यामुळे प्रभुभोजनापुरती असलेली कारवाईही संपूर्ण समाजाने टाकल्यासारखी भासू शकते. वैयक्तिक वैरातून, गटबाजीतून किंवा केवळ स्त्रियांना व गरिबांना लक्ष्य करून शिस्तीचा वापर झाल्यास तिचा मूळ हेतूच नष्ट होतो. याउलट, पदाधिकाऱ्यांच्या आर्थिक गैरव्यवहाराकडे डोळेझाक केल्यास मंडळीची नैतिक साक्ष दुबळी होते. आरोप एकांतात आधी सांगणे, दोन्ही बाजू ऐकणे, पाळकांसह सर्वांना एकच नियम लावणे आणि परतण्याची वाट उघडी ठेवणे, या चार गोष्टींवर शिस्त व बहिष्कार यांतील फरक अवलंबून असतो.

== हेही पहा ==

* प्रभुभोजन
* बाप्तिस्मा
* पंडिता रमाबाई
* नारायण वामन टिळक
* सामाजिक बहिष्कार