नववधूची ओढणी किती लांब असावी?

लग्नसराई जवळ आली, की घरोघरी हा प्रश्न निघतो. १९९९ साली स्थापन झालेला आदिलाबाद धर्मप्रांत सिरो-मलबार विधीचा आहे. ह्या विधीत वर वधूच्या गळ्यात मिन्नू, म्हणजे क्रूसचिन्हाचे मंगळसूत्र, बांधतो. नंतर तिच्या मस्तकावर मंत्रकोडी, म्हणजे आशीर्वादित साडी, घालतो. लांब, घोळदार ओढणी दोन्ही वेळा आड येते. शिवाय गुडघे टेकताना पायांखाली सापडते. म्हणून ती कोपरापर्यंत, फार तर बोटांच्या टोकांपर्यंत असावी, असे आम्हांस वाटते. जाळी विकत घेण्यापूर्वी मुलीस साडी नेसवून, गुडघे टेकावयास लावून माप घ्यावे. ओढणी घटकाभराची, मंत्रकोडी जन्मभर जपावयाची. हातभर जाळीपायी आईबापांनी कर्ज काढू नये, हीच आमची विनंती.