चार अक्षरे, चोवीस बाइट

बेंगळुरूतली अनेक अभियांत्रिकी कॉलेजे बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. अशाच एका कॉलेजच्या लॅबमध्ये बेळगावकडची एक विद्यार्थिनी सी भाषेत फाइल वाचायला शिकते आहे. फाइलमध्ये एकच ओळ, तीत एकच शब्द: बेंगळुरू.

आधी ‘एफओपन’. फाइल सापडली नाही तर हाती ‘नल’ येतो. तो तपासल्याशिवाय पुढे जायचे नाही. वाचायला ‘आर’, शेवटी भर घालायला ‘ए’. ‘डब्ल्यू’ मात्र जपून वापरायचा. त्याने उघडताक्षणी जुना मजकूर पुसला जातो, एक अक्षरही लिहिण्याआधी.

मग ती ओळीची लांबी मोजते. डोळ्यांना दिसतात चार अक्षरे, ‘स्ट्रलेन’ सांगतो 25. युनिकोडमध्ये ब, मात्रा, अनुस्वार, ग असे करत या शब्दाचे आठ घटक होतात आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो. झाले 24, पंचविसावा बाइट ओळ संपल्याचा. 1991 च्या भारतीय ‘इस्की’ मानकात याच शब्दाला आठ बाइट पुरत.

खरी गंमत ओळ वाचून ॲरेत ठेवणाऱ्या ‘एफगेट्स’मध्ये आहे. ॲरे आठ बाइटचा असेल तर ‘एफगेट्स’ सातच वाचतो, आठवा शेवटच्या शून्यासाठी राखून ठेवतो. सात बाइटांत ‘बे’ पूर्ण येते आणि अनुस्वाराचा पहिला तुकडा. प्रत्येक तुकडा वेगळ्या ओळीवर छापला की ‘बे’पुढे प्रश्नचिन्हाची चौकट उमटते. सीला अक्षर ठाऊक नाही, फक्त बाइट ठाऊक आहेत.

डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी घडवली, तेव्हा युनिकोड जन्मायचे होते. यूटीएफ-8 आले 1992 मध्ये. रिचींचे सहकारी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ते रचले. त्यात घटकाच्या पहिल्या बाइटनंतरचे बाइट 128 ते 191 याच पट्ट्यात असतात, म्हणून मागे सरकत घटकाची सुरुवात गाठता येते.

विद्यार्थिनी तेही करून पाहते. चौकट जाते, पण ‘बे’ एका ओळीवर आणि सुटा अनुस्वार दुसऱ्या ओळीवर. मराठी अक्षर अजून तुटलेलेच. शेवटी ती ॲरे 256 बाइटचा करते आणि ओळीअखेरची खूण आली का ते तपासते. आली नसेल तर पुढचा तुकडा आणून जोडते आणि ओळ पुरी झाल्यावरच छापते. मग ‘एफक्लोज’, कारण फाइल लिहायला उघडली असेल तर लिहिलेला मजकूर तोवर बफरमध्येच अडकलेला असू शकतो आणि प्रोग्राम मध्येच कोसळला तर तो डिस्कवर पोहोचतच नाही.