सम लक्षात ठेवणारं रडार

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच, आणि कुठलाही किनारा अडीचशे किलोमीटरहून लांब, असं बेंगळुरू देशाच्या किनाऱ्यावर नजर ठेवणारी यंत्रं घडवतं! सी. व्ही. रामन नगरातली डीआरडीओची एलआरडीई ही प्रयोगशाळा रडारसाठीच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीजवळ दहशतवाद्यांची रबरी होडी लागली. त्यानंतर किनाऱ्यावर रडारची साखळी उभारायचं काम इथल्याच भारत इलेक्ट्रॉनिक्सने केलं. पहिल्या टप्प्यात ४६ ठाणी.

पण लहान होडी दिसणं महाकठीण. अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी सोळापट क्षीण होतो, शिवाय लाटाही प्रतिध्वनी देतात. लाकडी होडी त्या गलक्यात बुडून जाते. तिला ओळखायचं ते चालीवरून.

जहाजांवरच्या रडारची लहर साधारण ३.२ सेंटिमीटरची असते. ताशी १८ किलोमीटरने येणारी होडी एक मिलिसेकंदात पाच मिलिमीटर सरकते, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. जाऊन-येऊन लहरीची वाट दहा मिलिमीटरने घटते आणि परतलेली लहर जवळजवळ एक तृतीयांश आवर्तन पुढे सरकलेली दिसते. दाण्याएवढी हालचाल, तीही कित्येक किलोमीटरवरून! लाटेचा प्रतिध्वनी अशी लय फार काळ धरत नाही, होडीचा धरतो.

मात्र हे मोजायला आपण लहर कुठल्या ठेक्यावर सोडली ते रडारला माहीत हवं. ते ज्याला कळतं ते कोहिअरंट रडार. स्वस्त रडारमध्ये असतो मॅग्नेट्रॉन, आपल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्याचाच भाऊबंद. ताकद भरपूर, पण लहरीचा प्रत्येक स्पंद, म्हणजे छोटा झटका, तो भलत्याच मात्रेवरून उचलतो. गवयाने दर आवर्तनाला सम बदलली, तर तबलजीने काय करावं?

यावरची युक्ती मला फार आवडते. गवयाला बदलायचंच नाही! बाहेर पडणाऱ्या प्रत्येक स्पंदाचा थेंबभर नमुना घ्यायचा, त्याची सम टिपून ठेवायची आणि परतलेला प्रतिध्वनी तेवढाच मागेपुढे सरकवायचा. तीस किलोमीटरवरचा प्रतिध्वनी २०० मायक्रोसेकंदांत परततो, तेवढ्यात टिपण तयार हवं. वेगवान डिजिटल चिपा स्वस्त झाल्या, म्हणून आता हे परवडतं.

दुसरी वाट सॉलिड स्टेटची, म्हणजे मॅग्नेट्रॉनऐवजी ट्रान्झिस्टर वापरणाऱ्या रडारची. त्याची सम पक्की, पण आवाज बारीक, म्हणून स्पंद लांबवावा लागतो. ५० मायक्रोसेकंद बोलत राहिलं की तेवढा वेळ कान बंद, आणि पहिले साडेसात किलोमीटर अंधारात. म्हणून जवळच्या होड्यांसाठी अधूनमधून एक आखूड स्पंदही सोडतात.