अंधेरीतला हस्की वर्षभर केस का गाळतो?

अंधेरी-बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये हस्की किंवा जर्मन शेफर्ड पाळला की सोफ्यावर, ऑफिसच्या पँटवर, कधी आमटीतही त्याचे केस सापडतात. दोष उकाड्यावर जातो. पण केसांचं वेळापत्रक मुख्यतः उजेड ठरवतो. तापमानाचा वाटा त्याहून कमी.

केसाचं प्रत्येक मूळ तीन अवस्थांतून फिरतं: वाढ, माघार आणि विश्रांती. विश्रांतीतला केस सैल असतो. खालून नवा आला की निसटतो. एरवी ही मुळं आपापल्या वेळेने चालतात. ऋतू बदलताना मात्र हार्मोन त्यांना एकाच वेळी कामाला लावतात.

सुरुवात डोळ्यापासून होते. पडद्यावरच्या काही पेशी प्रामुख्याने उजेड किती, एवढीच नोंद घेतात. ती मेंदूतल्या घड्याळामार्फत पिनियल ग्रंथीपर्यंत जाते. ही ग्रंथी अंधारात मेलाटोनिन सोडते. रात्र लांबली की तेही जास्त वेळ रक्तात राहतं. त्यावरून पिट्युटरी ग्रंथी प्रोलॅक्टिनचं प्रमाण ठरवते. वसंतात रात्री आखडतात, प्रोलॅक्टिन वाढतं आणि दाट हिवाळी केस झडतात. शरदात ते उतरतं आणि मऊ लव पुन्हा भरते. मिंक पाळणारे उन्हाळ्यातच मेलाटोनिनची गोळी कातडीखाली बसवून हिवाळी लोकर काही आठवडे आधी मिळवतात, ती याच जोरावर.

हस्की मूळचा ईशान्य सैबेरियाचा. तिथे ऐन हिवाळ्यात दिवस जेमतेम चार-पाच तासांचा. मुंबई 19 अंश उत्तर अक्षांशावर. इथला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकराचा. त्यात घरात मध्यरात्रीपर्यंत ट्यूबलाइट. निरोपच पुसट मिळतो, म्हणून झड दोन ऋतूंत न आटोपता थोडी थोडी बारमाही चालते.

इतर हार्मोनही हात घालतात. थायरॉइड मुळांना वाढीकडे ढकलतं. ते कमी पडलं की दोन्ही कुशींवर सारखे, बहुधा न खाजणारे विरळ पट्टे दिसतात, शेपूट उघडी पडते. इस्ट्रोजेन मुळांना विश्रांतीत रोखतं. कॉर्टिसोल फार झालं तरी केस विरळ होतात.

म्हणून केस गळूनही कातडी कुठे उघडी दिसत नसेल, तर रोजचा ब्रश पुरे. टक्कल दिसलं तर पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावं. उकाडा म्हणून ट्रिमरने सफाचट मात्र करू नये: मूळ विश्रांतीत असेल तर केस परत यायला कित्येक महिने लागतात, आणि तोवर कातडीला थेट ऊन लागतं.