घाबरलेल्या हाताचं यंत्र

२०२६च्या १७ मेला अधिक महिना लागतो आणि १८ मेला सोलापूरच्या आगीला वर्ष पुरं होतं. २०२५मध्ये त्या दिवशी, रविवारी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना पेटला आणि आठ माणसं गेली. मालक गेला, त्याच्या घरची माणसं गेली, कामगार गेले. सोलापूर आमच्या पंढरपुरापासून सत्तर-बहात्तर किलोमीटर. सुताला लागलेली आग काय असते हे सोलापूर जिल्ह्याला कुणी सांगायला नको, तरी त्यानंतर आमच्या गावालाही जाग आली. मठांत, लॉजांत, अगरबत्तीच्या गोदामांत आग विझवायचे नवे लाल सिलिंडर टांगलेले दिसू लागले.

गेल्या आठवड्यात प्रदक्षिणा मार्गालगतच्या एका मठात गेलो. धोंड्याच्या महिन्याची तयारी चालली होती, अनारशाचं पीठ मुरत पडलं होतं. नवा सिलिंडर मात्र स्वयंपाकघरात नव्हता, त्याच्या दारातही नव्हता. बोळाच्या पार टोकाला, गाद्यांच्या वळकट्यांमागे होता. स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मास्तर, आम्हीच तिकडं ठिवलाय. चुलीच्या आसपास नको. तापून फुटला म्हंजी?"

मावशींना हसण्याचं काही कारण नाही. त्यांच्या उजव्या हाताला गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर होता. तोही लाल, तोही पोलादी. त्याला आगीपासून लांब ठेवा, हे त्या आयुष्यभर ऐकत आल्या आहेत. मग त्याच रंगाची, त्याच धातूची, त्याच गोल पाठीची दुसरी वस्तू कुणीतरी आणून दिली आणि ती आग लागल्यावर जवळ करायची आहे, असं तिच्या अंगावर फक्त इंग्रजीत छापलं. वस्तू जे बोलत होती ते मावशींनी नीट ऐकलं. बोलायला चुकली ती वस्तू.

आग विझवायच्या यंत्राचा दोनशे वर्षांचा प्रवास, ते हाताशी काय बोलतं या एकाच बाजूने पाहिला, तर बराचसा भराभर उरकता येतो. जॉर्ज मॅन्बी नावाच्या इंग्रज कॅप्टनने १८१८च्या सुमारास तांब्याचं एक भांडं केलं. त्यात तीन गॅलन पाणी, पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि वर दाबून भरलेली हवा. तोटी उघडली की फवारा. १८६६मध्ये फ्रान्सच्या कार्लिएने सोड्याचं पाणी आणि आम्ल एकत्र आणून दाब तयार करण्याचं पेटंट घेतलं. मग काचेचे गोळे आले. मिठाचं पाणी भरलेला गोळा भिंतीवरून काढायचा आणि आगीत फेकायचा. लहान पोरालाही समजेल असं ते होतं, फक्त विझवायची ताकद बेताची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत विल्हेल्म ग्राफने शंकूच्या आकाराचं नळकांडं बाजारात आणलं, ज्याची गुंडी आपटली की काम सुरू व्हायचं. त्यानंतर पावडर आली, कार्बन डायऑक्साइड आला, हॅलॉन आला आणि ओझोनच्या थराला अपाय करतो म्हणून गेला. रसायनं सुधारत गेली. हाताचा विचार मात्र ग्राफनंतर फारसा पुढे सरकला नाही, असं माझं मत आहे.

आपल्याकडे सिनेमाची थिएटरं, गिरण्या, रेल्वे स्टेशनं इथे वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असत. त्यांचं बूड गोल असे. जमिनीवर ती बादली उभी राहत नाही, म्हणून ती कुणी फरशी पुसायला नेत नाही, पाणी भरायला नेत नाही. ती टांगलेलीच राहते आणि वेळेला जागेवर सापडते. ज्याने कुणी ते बूड गोल केलं, त्याला माणसाचा स्वभाव कळत होता. आता त्या बादल्या पूर्वीइतक्या दिसत नाहीत.

माझा या विषयाशी खरा संबंध २००६ ते २०१६ या दहा वर्षांतला. मी तेव्हा आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवत होतो, आणि वारीच्या आधी मठ-धर्मशाळांतून, दिंड्यांच्या तळांवरून नळकांडी कशी चालवायची हे दाखवत फिरायचो. त्याआधीची अवस्था आज कुणाला सांगितली तर खरी वाटणार नाही. सोडा-ॲसिडच्या नळकांड्याची गुंडी आपटायची, म्हणजे आतली गंधकाम्लाची कुपी फुटायची. फेसाचं नळकांडं उलटं धरायचं. त्याच्या शेजारचं, तेवढ्याच उंचीचं, तसंच लाल, पण गॅसच्या काडतुसावर चालणारं पाण्याचं नळकांडं अजिबात उलटं करायचं नाही. क्लिप काढून वरच्या दट्ट्यावर तळहाताचा ठोसा मारायचा. कार्बन डायऑक्साइडवाल्याचं चाक फिरवायचं, आणि त्याच्या कर्ण्याला भलत्या जागी हात लावला की कातडी गोठायची, कारण बाहेर पडणारा बर्फ उणे ७८ अंशांचा. एका भिंतीवरची चार लाल नळकांडी चार वेगळ्या हालचाली मागत होती, आणि माणसाजवळ वेळ होता काही सेकंदांचा.

२००६मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस १५६८३ हे मानक आणलं आणि ही निरनिराळी कुळं एका नियमाखाली आली. ठोकायचा दट्ट्या लगेच हद्दपार झाला नाही, पण बाजार हळूहळू पिन आणि खटका यांच्याकडे वळला. पिन ओढा, तोंड आगीच्या बुडाकडे धरा, खटका दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. त्या बदलाचं मला मनापासून कौतुक वाटलं आणि अजून वाटतं. चार हालचालींची एक हालचाल झाली. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, एवढं तर अक्षरओळख नसलेला माणूसही बघू शकतो.

मी ते दाखवायला लागलो तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसली. दिंडीतला शेतकरी खटका सहज दाबायचा. आमच्या तालुक्यात कासेगावची द्राक्षं आहेत, गावोगाव डाळिंब आहे; फवारणीच्या गनचा खटका त्या हातांच्या अंगवळणी पडलेला असतो. फवारा कुठून कुठे न्यायचा, वारा पाठीवर घ्यायचा, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. अडत होती ती पिन. फवारणीच्या गनला पिन नसते. माणूस घाबरला की हातात येईल ते घट्ट आवळतो, म्हणजे खटका आधी आवळला जातो. आणि खटका आवळलेला असताना पिन अडकून बसते. जितकं घाबरून आवळावं तितकी ती घट्ट. वरून तिला प्लॅस्टिकचं सील, जे पीळ देऊन तोडायचं असतं हे कुणी सांगितलेलं नसतं. मग "खराब आहे" म्हणून नळकांडं टाकून लोक पाण्याच्या बादलीकडे धावतात. हा दोष माणसाचा मानायला मी तेव्हाही तयार नव्हतो. खटका आवळलेला असतानाही जी सुटेल अशी पिन करणं यंत्रशास्त्राला अवघड नाही.

आमच्या वर्कशॉपमधल्या मुलांनी तेव्हा एक नमुना केला होता. रिकाम्या नळकांड्यावर पिनेची कडी चार बोटं जातील एवढी मोठी आणि पिवळी केली, उचलायची मूठ आणि दाबायचा खटका एकमेकांपासून वेगळे केले, आणि अंगावर मराठीत तीन शब्द रंगवले: ओढा, रोखा, दाबा. शेजारी हाताची चित्रं. रात्री वीज गेली तरी कडी दिसावी म्हणून अंधारात चमकणारा रंग लावायचा, हे एका मुलीने सुचवलं. तो नमुना आम्ही तेव्हाच्या एका अधिकाऱ्याला दाखवला. त्यांनी विचारलं, "याला आयएसआय आहे का?" पुढे काही विचारलं नाही. मानकाचा आग्रह रास्त आहे, दाबाखालच्या भांड्याशी खेळ करू नये. पण कडी मोठी करायला आणि मराठी लिहायला भांड्याला हातही लावावा लागत नव्हता. त्या प्रश्नाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदाही २००६चाच. अमलात आला तो डिसेंबर २००८मध्ये. त्यातून परवानाधारक एजन्सी आल्या आणि दर जानेवारीत, दर जुलैत द्यायचं 'फॉर्म बी'चं प्रमाणपत्र आलं. कायदा हवाच होता. पण त्याच्या पाठोपाठ आमच्याकडे एक विचित्र रीत रुजली. नळकांडं कुणी चालवून बघू नये, सील तुटेल, फॉर्म अडेल, असं ठेकेदारांची माणसं मठांच्या व्यवस्थापकांना बजावू लागली. पूर्वी मुदत संपलेली नळकांडी भरायला पाठवण्याआधी पटांगणात पालापाचोळा पेटवून त्यावर चालवत असत आणि बघता बघता दहा-बारा माणसं शिकत. ते थांबलं. नळकांडी गुपचूप गाडीत जाऊ लागली, नव्या स्टिकरसह परत येऊ लागली. मी एका व्यवस्थापकांना म्हणालो, यातलं एक तरी वारकऱ्यांसमोर चालवू या. ते म्हणाले, "मास्तर, तपासणीला कमी पडलं तर तुम्ही येणार का?" यंत्राचा मालक त्या दिवसापासून तपासनीस झाला.

२१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली. आषाढी नऊ दिवसांवर होती, पालख्या वाटेवर होत्या. राज्याच्या मुख्य कचेरीत आग पसरते आणि पाच माणसं दगावतात, हे पाहून त्या वर्षी मात्र मला सगळीकडून बोलावणी आली. मी ट्रकमागे स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना जमवून दाखवायचो. सहा किलो पावडरीचं नळकांडं भरलेलं नऊ-दहा किलोपर्यंत जातं. ते बायकांच्या हाती दिलं की पहिला प्रश्न वजनाचाच येई. दुसरी अडचण आवाजाची. पावडर सुटली की फुस्सकन आवाज होतो, पांढरा लोट उठतो, आणि न बघितलेलं माणूस दचकून नळकांडं खाली ठेवतं. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंदांची पावडर, त्यातली निम्मी दचकण्यात जाते. म्हणून एकदा तरी हातात घेऊन चालवलं पाहिजे, हे मी घसा फोडून सांगत होतो. पुढच्या वर्षी बोलावणी निम्म्यावर आली.

माझ्या त्या दहा वर्षांच्या शेवटी उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर चंद्रभागेच्या वाळवंटातल्या राहुट्या उठल्या आणि ६५ एकरांवर तळ पडू लागला. आखलेले रस्ते, पाण्याचे नळ, अग्निशमनाची गाडी फिरायला जागा. या बदलाने फार मोठा धोका कमी झाला. वाळवंटात एक सोय होती, पायाखाली हवी तितकी वाळू. स्टोव्ह भडकला की आचारी घमेलं भरून वाळू टाकत, कुणी शिकवायची गरज नसे. ती गेली, आणि तिच्या जागी आलेलं नळकांडं तितकं सोपं कुणी केलं नाही.

याच काळात नऊ लिटर पाण्याचं नळकांडं दिसेनासं झालं, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. पंढरपुरात जळतं काय? अगरबत्तीचा कोळसा-भुसा, बुक्क्याच्या दुकानांतले पुठ्ठे, धर्मशाळांच्या गाद्या, चादरींचे गठ्ठे. या मालाची आग आत मुरते. पावडरीने वरची ज्वाला मरते, पण आतला निखारा थंड होत नाही आणि तासाभराने गादी पुन्हा धुमसू लागते. तिथे पाणीच हवं. पण 'सगळ्या आगींना चालतं' असं सांगून एकच पावडरीचं नळकांडं विकणं सोपं, भरून देणं सोपं, मोजणं सोपं. कढईतल्या तेलाचं याच्या नेमकं उलट. तिथे पाणी टाकलं तर भडका छताला जातो, आणि पावडरीचा जोर जवळून मारला तर पेटतं तेल अंगावर उडतं. गॅस बंद करून झाकण सरकवणं हा पहिला उपाय. त्याच्या पुढचा उपाय पोटॅशियमच्या क्षारांचं द्रावण हळू फवारणाऱ्या नळकांड्याचा. त्याने तापल्या तेलावर साबणाचा थर धरतो आणि तेल थंडही होतं. मॅन्बीच्या तांब्याच्या भांड्यातलं द्रव्य याच घराण्यातलं. पंढरपूरच्या मोठ्या भटारखान्यांत असं नळकांडं मला अजून कुठे दिसलेलं नाही.

बाहेर कुणी या हाताचा विचार केलाच नाही असं नाही. अमेरिकेत २००७च्या सुमारास पीटर आर्नेलने घरासाठी पांढऱ्या रंगाचं, एका हाताने चालणारं नळकांडं केलं होतं, ओट्यावर ठेवायला लाज वाटू नये असं. दक्षिण कोरियात २०१८मध्ये सॅमसंगच्या विमा कंपनीने फुलदाणीच तशी केली: बाहेरच्या कप्प्यात पोटॅशियम कार्बोनेट, आग लागली की उचलून फेकायची. एक लाख घरांत ती वाटली. आमच्या कढयांसाठी ती उपयोगाची नाही, पेटत्या तेलात काहीही फेकू नये. पण तिच्यामागचा प्रश्न बरोबर आहे. वस्तू रोज डोळ्यांसमोर असेल, हाताला ओळखीची असेल, आणि तिच्यावरची पहिली हालचाल न शिकताही सुचेल, असं काय करता येईल?

आपल्याकडे हा प्रश्न विचारायला पंढरपूरसारखी जागा नाही. लाखो माणसं, निरनिराळ्या जिल्ह्यांतले हात, उघड्यावरचा स्वयंपाक, आणि वर्षातून चार वाऱ्या. आळंदी ते वाखरी वाटेवर पन्नास दिंड्यांना वेगवेगळी नळकांडी देऊन आचाऱ्यांचे हात नुसते बघत राहिलं, तरी कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा जास्त कळेल. गॅसच्या सिलिंडरपेक्षा वेगळा दिसेल असा ठळक पट्टा, खटका आवळला तरी सुटणारी पिन, चार बोटांची कडी, बाईमाणसाला पेलेल असं वजन, अंगावर मराठी आणि कन्नड, कारण कार्तिकीला निम्मा बाजार कन्नड बोलतो. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा शोध लागत नाही.

त्या मठातल्या मावशींना मी परवा नळकांडं हातात घ्यायला लावलं. पिन काढू दिली नाही, कारण फॉर्म जुलैत आहे आणि व्यवस्थापक दारात उभे होते. वजन पाहून त्या म्हणाल्या, "हे माझ्यानं न्हाई उचलायचं, मास्तर. पाण्याचं नाही का मिळत?" मी त्या दिवशी सोलापुरात तीन दुकानदारांना फोन केले. नऊ लिटरचं पाण्याचं नळकांडं एकाकडे मागवून मिळतं, ऑर्डर पाच नगांची लागते. ते भरलं की पावडरीच्या नळकांड्यापेक्षाही जड होणार, म्हणून मी चार किंवा सहा लिटरचं विचारलं. तसं कुणीच ठेवत नाही.