उडीचं अर्धं गणित पायाखाली

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातलं तेव्हा इंग्रज अधिकारी रँडच्या प्लेग कमिटीचे सोजीर पेठापेठांतून घरं धुंडाळत होते. रोगी सापडला की त्याला छावणीत हलवायचं, घरातलं सामान बाहेर काढायचं, भिंती आणि जमिनी जंतुनाशकाने धुवायच्या. शनिवार पेठेसारख्या दाट वस्तीत लोकांना एवढं कळून चुकलं होतं की आधी उंदीर पडतात, मग माणसं. पण उंदराकडून माणसाकडे रोग येतो कसा, हे ना सोजिरांना ठाऊक होतं, ना डॉक्टरांना. तो येत होता उडी मारून.

मेलेला उंदीर थंड पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवं ऊबदार अंग शोधायला निघतात. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत उंदरांवर प्रयोग करून पिसूवर बोट ठेवलं, पण बहुतेकांनी त्याला वेड्यात काढलं. निकाल लागला तो १९०५ नंतर, मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत. प्लेग आयोगाने तिथे पिसवांनी भरलेल्या खोल्यांत गिनीपिगांचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातले प्राणी प्लेगने मेले, दोन फुटांवरचे वाचले. हवा, वास, सोबत सगळं तेच होतं. फरक एकच, उंदरावरची पिसू चार-पाच इंचांपलीकडे उडत नाही. एका किड्याच्या उडीची उंची मोजली आणि साथीचं कोडं सुटलं!

ही उडी आहे तरी कशी? पिसूला पंख नाहीत आणि वजन मिलिग्रॅमच्या आसपास. तरी एखाद-दुसऱ्या मिलिसेकंदात ती सेकंदाला जवळजवळ दोन मीटर एवढा वेग गाठते. कुठलाही स्नायू इतक्या झटपट एवढं काम करू शकत नाही. म्हणून पिसू गलोलीची युक्ती करते. स्नायू सावकाश आवळायचा, त्याची ऊर्जा शरीरातल्या लवचीक भागांत साठवायची, सांधा अडकवून ठेवायचा आणि मग एकदम सोडायचा. साठवणीसाठी तिच्याकडे रेझिलिन नावाचं रबरासारखं प्रथिन आहे. टॉर्केल वाइस-फॉग यांना ते १९६० मध्ये कीटकांच्या पंखांच्या सांध्यांत सापडलं. घेतलेली ऊर्जा ते जवळपास पुरती परत करतं. पिसूवर आयुष्य घालवलेल्या मिरियम रॉथशिल्ड यांनी दाखवलं की पिसूच्या छातीतली रेझिलिनची कमान म्हणजे तिच्या पंखवाल्या पूर्वजांच्या पंखांचीच बिजागरी. पंख गेले, बिजागरी उडीच्या कामाला लागली.

पिसू माणसाएवढी असती तर शनिवारवाडा सहज ओलांडून गेली असती, असं ऐकायला मिळतं. तसं अजिबात होणार नाही. स्नायूचं वजन वाढतं तशी त्याची ऊर्जा वाढते, पण उचलायचं अंगही त्याच प्रमाणात वाढतं. त्यामुळे प्राणी लहान असो वा मोठा, उडीची उंची ढोबळमानाने त्याच टापूत राहते. दिल्ली दरवाज्यापुढे ती माणसाएवढी पिसू तुमच्या-आमच्यासारखीच मान वर करून उभी राहील.

हे झालं पायाचं. पण जमीन जेवढं उलट ढकलते, तेवढीच उडी पदरात पडते. पिसू जमिनीला नेमकी कुठून रेटते, मांडीच्या मुळाजवळच्या सांध्याने की पावलाने, यावर चाळीसेक वर्षं वाद होता. २०११ मध्ये केंब्रिजच्या ग्रेगरी सटन आणि माल्कम बरोज यांनी सेकंदाला पाच हजार चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याने तो मिटवला. काही उड्यांत तो सांधा जमिनीला टेकलाच नव्हता, तरी उडीत काही कमी नव्हतं. रेटा जात होता नडगी आणि पावलातून, जिथे नख्या आणि काटेरी केस आहेत. सारवलेल्या जमिनीच्या खरबरीतपणात अशा पावलाला पकड मिळते. पण पायाखाली गुळगुळीत पान आलं तर?

गणपतीच्या दिवसांत पेठेतल्या मांडवात ट्यूबलाइटभोवती तुडतुडे जमतात. बोट नेलं की टुणकन नाहीसे. कोकणात हापूसच्या मोहोरावर आणि विदर्भात कपाशीवर शेतकऱ्याला छळतात ते याच कुळातले. पानावरून उडताना त्यांचे मागचे पाय खाली आणि बाजूलाही रेटतात, म्हणजे घसरायची पुरेपूर सोय. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तुडतुड्यांच्या मागच्या पावलांवर मऊ गाद्या आढळल्या. उडीच्या क्षणी या गाद्या पृष्ठभागावर दाबून बसतात आणि काचेवरूनही पाय सटकत नाही.

त्यांच्या एका चुलतभावाने वेगळी वाट धरली. पावसाळ्यात गवताच्या काडीवर थुंकीसारखा फेस दिसतो, त्यात या किड्याची पिल्लं असतात. मोठा झाल्यावर हा सहा मिलिमीटरचा किडा सत्तर सेंटिमीटर उंच उडतो आणि उडताना स्वतःच्या वजनाच्या चारशेपटींहून जास्त जोर लावतो. युरोपातल्या जातीच्या किड्याला काचेवरून उडायला लावलं, तेव्हा त्याचे पाय घसरले आणि तो कोलांट्या खात पडला. आयव्हीच्या गुळगुळीत पानावरून मात्र उडी खणखणीत! पानावर निळा रंग टाकून पाहिलं तेव्हा गुपित उघडं पडलं. मागच्या पायांचे अणकुचीदार काटे पानाच्या सालीत घुसले होते. दर उडीला पानावर सूक्ष्म जखमा होतात. केंब्रिजच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये हे दाखवलं.

आता मुठेच्या पात्रात, ओंकारेश्वराच्या बाजूला साचलेल्या पाण्याकडे वळू. लांब पाय पसरून पाण्यावरून सरकणारे किडे शांत डबक्यात हमखास दिसतात. वाकून पाहिलं तर प्रत्येक पायाखाली पाण्याला खळगा पडलेला असतो, पण पाय ओला होत नाही. पाण्याचा पृष्ठताण ताणलेल्या पडद्यासारखं काम करतो, आणि त्या पडद्याची ताकद ठरलेली आहे. पायाच्या एका मिलिमीटर लांबीला फार तर पंधरा मिलिग्रॅम वजनाएवढा भार पेलवतो. त्याहून जोर केला की पडदा फाटला आणि पाय बुडाला. पिसूचा उडीतला जोर शंभर मिलिग्रॅमच्या घरात जातो आणि पावलं जेमतेम मिलिमीटरभर. तिच्या पायाखाली हा पडदा टिकणारच नाही.

पाण्यावरचा किडा म्हणून घाई करत नाही. लांब पाय खाली दाबता दाबता आतल्या बाजूला वळवत तो पाण्याशी संपर्क लांबवतो. जोर मर्यादेच्या अगदी जवळ नेतो, पण ओलांडत नाही. सोल नॅशनल आणि हार्वर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे मोजलं आणि अडुसष्ट मिलिग्रॅमचा एक यांत्रिक किडा पाण्यावरून उडवून दाखवला. त्याचे पाय पाण्यावरच्या किड्यासारखे लांब आणि वळणारे, पण आतली कळ घेतली होती पिसूच्या पायावरून. फक्त ती अशी बसवली की रेटा एकदम न येता हळूहळू चढत जावा. कळ दणकट करण्यापेक्षा अभियंत्यांचा वेळ गेला तो जोर पाण्याला सोसेल एवढाच ठेवण्यात.